कंठाघात आणि श्वासमार्ग : एक ऐतिहासिक परामर्श

१. विषयप्रवेश

मानेच्या पुढील भागाला मराठीत एकच एक नाव नाही. गळा, घसा, कंठ आणि नरडे हे चार शब्द नित्याच्या बोलण्यात आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. दागिना गळ्यात घालतात; घास घशात अडकतो; वयात येणाऱ्या मुलाला कंठ फुटतो; जिवावर उठलेला मनुष्य नरडे दाबतो. बाहेरून दिसतो तो गळा, आतून जाणवतो तो घसा, कानाला ऐकू येतो तो कंठ, आणि जेथे जीव अडकलेला असतो ते नरडे, अशी ही ढोबळ विभागणी होय. ती कोणा शारीरशास्त्रज्ञाने ठरविलेली नाही. लोकांच्या अनुभवातून ती भाषेत उतरली आहे.

या विभागणीत एक उणीव मात्र राहून गेली आहे. श्वास ज्या वाटेने आत-बाहेर करतो त्या वाटेला घरगुती मराठीत स्वतंत्र नाव नाही. ‘श्वासनलिका’, ‘श्वासमार्ग’ हे शब्द शाळेच्या पुस्तकांतून आणि दवाखान्यांतून आले. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. वाट मोकळी असते तोवर तिची जाणीव होत नाही, आणि जाणीव होते तेव्हा तिला नाव देण्यास अवकाश उरत नाही.

गळ्याला झालेल्या आघाताच्या चिकित्सेचा इतिहास या उणिवेशी निगडित आहे. जखम डोळ्यांना दिसते. तिच्यातून वाहणारे रक्त भय उत्पन्न करते. साहजिकच पाहणाऱ्याचे सारे लक्ष जखमेकडे जाते. परंतु असा रुग्ण पुष्कळदा दगावतो तो श्वासाची वाट बुजल्यामुळे. जखम आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी असून दोहोंचा विचार वेगवेगळा, आणि वाटेचा विचार आधी, केला पाहिजे, हे तत्त्व आज वैद्यकाच्या पहिल्या पाठांत शिकविले जाते. ते इतके सरळ वाटते की, त्याच्या स्थापनेला सुमारे दोन सहस्र वर्षे लागली हे सहसा ध्यानी येत नाही. प्रस्तुत निबंधात या तत्त्वाच्या घडणीचा मागोवा घेऊन, पुसदसारख्या मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या परिसरात त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

२. पुसद : भूमी आणि आघात

पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील पूस नदीकाठचे तालुक्याचे गाव. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला, तेव्हा पुसदचा मुलूखही त्यात आला. पुढे तो वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला गेला आणि पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्याला जोडला गेला. दक्षिणेस पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांची सीमा. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. डोंगर, पठारे आणि खोरी यांनी विभागलेल्या या प्रदेशात मराठीबरोबरच तांड्यांतून बंजाऱ्यांची गोरमाटी बोली ऐकू येते, आणि आंध आदी आदिवासी समाजांची वस्ती आहे.

अशा प्रदेशात गळ्यावर आघात होण्याचे प्रकार ठराविक आहेत. कापूस, ज्वारी आणि सोयाबीन यांच्या शेतीत यंत्रे आली, तेव्हा मळणीयंत्रात पदर किंवा उपरणे ओढले जाऊन गळा आवळला जाण्याचा धोकाही आला. बैलाच्या शिंगाचा धक्का, शेताच्या कडेच्या तारेवर वेगाने आदळलेला दुचाकीस्वार, वाहनाच्या सुकाणूचा किंवा पुढील फळीचा मानेवर बसलेला मार, हे प्रकार ग्रामीण भारतात सर्वत्र आढळतात. पैनगंगेच्या जंगलात अस्वल आहे, आणि अस्वलाचा हल्ला प्रायः माणसाच्या तोंडावर व डोक्यावर होतो. मुखाच्या हाडांचा चुराडा झाला म्हणजे मान अक्षत असूनही श्वासाची वाट रक्ताने आणि सुटलेल्या ऊतींनी बुजते.

याशिवाय एक प्रकार अलीकडच्या काळाने निर्माण केला आहे. संक्रांतीच्या सुमारास विदर्भात पतंगांचा मोठा उत्सव असतो. सुती मांज्याच्या जागी नायलॉनचा मांजा आला, आणि रस्त्यावर आडवा आलेला हा दोरा दुचाकीस्वाराच्या गळ्यात शस्त्रासारखा शिरू लागला. सुती दोरा ताण पडताच तुटतो; नायलॉनचा तुटत नाही, आणि वाहनाचा वेगच त्याला धार देतो. नागपूर व अन्य शहरांत यामुळे मृत्यू घडले. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर संक्रांतीस जखमींच्या वार्ता येतच राहिल्या. ‘केसाने गळा कापणे’ हा मराठीतील विश्वासघाताचा वाक्प्रचार. त्याचा वाच्यार्थ कधी खरा होईल, असे तो घडविणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

या सर्व आघातांत एक गोष्ट समान आहे. स्वरयंत्र व श्वासनाल ही कूर्चांची बनलेली असून त्वचेच्या अगदी निकट आहेत. बोथट माराने बाहेर खरचटल्याइतकी खूण असते, आणि आत कूर्चा दुभंगलेली असते. धारदार जखमेत रक्त बाहेर वाहते त्याहून अधिक धोका आत श्वासनालात उतरणाऱ्या रक्ताचा असतो. सूज तासातासाने वाढते. त्यामुळे प्रथम बोलत-चालत असलेला रुग्ण काही वेळाने एकाएकी गुदमरू शकतो. आघात आणि गुदमरणे यांमधील हा फसवा अवधी हेच या चिकित्सेचे मर्म आहे.

३. सुश्रुतसंहितेतील निरीक्षणे

भारतीय शल्यतंत्राचा मूलग्रंथ जो सुश्रुतसंहिता, त्यात या विषयाशी संबंधित मजकूर चार ठिकाणी विखुरलेला आहे. तो एकत्र वाचला असता एक लक्षणीय चित्र उभे राहते.

शारीरस्थानात मर्मांची गणना आहे. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस दोन नीला व दोन मन्या अशा चार धमन्या सांगून, त्यांना आघात झाल्यास मूकता, स्वराची विकृती आणि रसज्ञानाचा लोप होतो असे म्हटले आहे. मानेतील आठ मातृकांचा आघात मात्र तत्काळ प्राणघातक मानला आहे. येथे आघाताचे लक्षण म्हणून स्वराचा निर्देश झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्रंथकाराने कारण रक्तवाहिन्यांत शोधले. पण त्याने जे टिपले ते रुग्णाच्या आवाजातील अंतर होय.

सूत्रस्थानात शल्य म्हणजे शरीरात रुतलेली वस्तू बाहेर काढण्याचे उपाय आहेत. लाखेची वस्तू कंठात अडकल्यास कंठात नळी घालावी, तिच्यातून तापविलेली सळई नेऊन वस्तूला चिकटवावी, थंड पाण्याने ती घट्ट करावी आणि ओढून काढावी, असे सांगितले आहे. नळीमुळे कंठाचे दाहापासून रक्षण होते. घास अडकल्यास रुग्णाला कळू न देता खांद्यावर मुठीने आघात करावा, असाही उपाय आहे. बाहू, दोरी किंवा वेलीचा फास यांनी कंठ दाबला गेल्यास कुपित वायू कफाला क्षुब्ध करून स्रोत रोधतो, त्यायोगे लाळ व फेस येऊन संज्ञा नष्ट होते, असे वर्णन त्याच प्रकरणात येते. आवळलेल्या गळ्याच्या परिणामांचे हे नेमके चित्रण आहे. परंतु त्यावरील उपचार अभ्यंग, स्वेदन व तीक्ष्ण शिरोविरेचन हे आहेत. स्रोत रोधला जातो हे ओळखले. तो दुसरीकडून उघडावा, ही कल्पना येथे नाही.

सर्वांत महत्त्वाचे स्थळ चिकित्सास्थानात, सद्योव्रणांच्या म्हणजे ताज्या जखमांच्या प्रकरणात आहे. कृकाटिकेच्या प्रांती छेद होऊन त्यातून वायू बाहेर जात असला, तरीही तो भाग नीट बसवून सलग शिवावा, बांधावा व त्यावर शेळीच्या तुपाचे सिंचन करावे. रुग्णाने उताणे राहूनच अन्न घ्यावे आणि त्याला हलता येणार नाही अशा रीतीने झोपवावे, असे तेथे विधान आहे.

या स्थळी शब्दार्थाचा प्रश्न उपस्थित होतो. शारीरस्थानात ‘कृकाटिका’ म्हणजे डोके व मान यांचा सांधा, आणि त्याच्या आघाताने डोके डळमळते असे म्हटले आहे. मानेच्या मागील सांध्याला छेद झाला तर त्यातून श्वासवायू येणार नाही. तेव्हा चिकित्सास्थानात या शब्दाचा विस्तार मानेच्या पुढील भागापर्यंत मानावा लागतो. संस्कृत कोशांत ‘कृक’ हा शब्द कंठ या अर्थी आढळतो, आणि कोंबड्याचे ‘कृकवाकु’ हे नाव या संदर्भात लक्षणीय आहे. म्हणून अशा विस्ताराला भाषेचा आधार आहे. आधुनिक शारीरातील ‘क्रिकॉइड’ कूर्चेच्या नावाशी मात्र त्याची सांगड घालणे उचित नाही. ते नाव कडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेले आहे. नादसाम्य हे व्युत्पत्तीचे प्रमाण होत नाही.

अर्थनिर्णय काहीही असो, जखमेतून वारा वाहत असलेला रुग्ण वाचविण्याजोगा मानला गेला, हे या विधानाचे ऐतिहासिक मोल आहे. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. जखम शिवणे म्हणजे तीच वाट बंद करणे. आत सूज वा रक्त असेल तर शिवलेली जखम वायूला त्वचेखाली कोंडते, आणि उताणे झोपविलेल्या रुग्णाचे रक्त श्वासनालात उतरते. याउलट नाकाच्या संधानाच्या प्रकरणात हाच ग्रंथ नव्या नाकपुड्यांत दोन नळ्या बसवावयास सांगतो. जखम भरत असताना वाट वेगळी राखावी हा विचार सुश्रुताच्या परंपरेला नाकाच्या बाबतीत सुचला होता. कंठापर्यंत तो गेला नाही.

४. ग्रीक आणि अरबी परंपरा

पश्चिमेकडे हा विचार प्रथम रोगाच्या संदर्भात निघाला. श्वासनाल कापण्याच्या क्रियेचे श्रेय इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील अस्क्लेपियाडीस याला देतात. दुसऱ्या शतकातील अँटिल्लस याचे वर्णन सातव्या शतकातील पॉल ऑफ एजायना याच्या ग्रंथामुळे टिकले. दोन कड्यांमध्ये आडवा छेद घ्यावा. अडथळा वर असून खालचा मार्ग निरोगी असेल तरच तो घ्यावा. आणि शिट्टीसारखा आवाज करीत वारा बाहेर पडला व रुग्णाचा स्वर गेला म्हणजे छेद योग्य जागी झाला असे समजावे, हे त्यातील तीन मुद्दे. अडथळ्याच्या खाली वाट करणे हे तत्त्व येथे प्रथमच निःसंदिग्धपणे मांडले गेले. यशाची खूणही डोळ्यांनी पाहावयाची नसून कानांनी ऐकावयाची होती.

परंतु हे तत्त्व व्यवहारात रुजले नाही. कूर्चेची जखम सांधत नाही, असे अरिटियससारख्या वैद्यांचे मत होते, आणि त्या मताची छाया अनेक शतके टिकली. तिला धक्का दिला तो एका आघाताच्या प्रसंगाने. कॉर्डोबाचा शल्यविशारद अल्‌-झहरावी (मृत्यू १०१३) याच्यापुढे गळा सुरीने कापला गेलेली एक दासी आणली गेली. जखमेतून वारा येत होता. मोठ्या रक्तवाहिन्या मात्र शाबूत होत्या. त्याने जखम शिवली. दासी बरी झाली, केवळ तिच्या आवाजात घोगरेपणा राहिला. त्यावरून स्वरयंत्रावरील छेद प्राणघातक नसतो असा निष्कर्ष त्याने काढला. बाराव्या शतकात इब्न झुहर याने बकरीवर हा प्रयोग करून तोच निष्कर्ष पडताळून पाहिला.

सुश्रुताचा रुग्ण आणि अल्‌-झहरावीची दासी यांच्यावरील उपचार जवळजवळ सारखेच आहेत. फरक निष्कर्षात आहे. एकाने जखम कशी भरावी हे सांगितले. दुसऱ्याने भरलेल्या जखमेवरून एक सामान्य नियम काढला. अपघाताने झालेला छेद जर बरा होतो, तर हेतुपुरस्सर केलेला छेदही बरा होईल, हा तो नियम होय. या इतिहासात जखम हीच शल्यचिकित्सेची गुरू ठरली, असे म्हणता येते.

५. शिवण्यापासून वाट करण्याकडे

नियम सापडला तरी धैर्य येण्यास आणखी पाच शतके लागली. इटलीतील ब्रासाव्होला याने १५४६ मध्ये घशातील गळवाने गुदमरलेल्या रुग्णाच्या श्वासनालाला छेद देऊन त्याचे प्राण वाचविले. यशस्वी छेदाची ही पहिली निश्चित नोंद मानतात. पॅरिसच्या निकोलास हॅबिको याने १६२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार यशस्वी प्रसंग दिले आहेत. सोन्याची नाणी फडक्यात बांधून गिळलेल्या चौदा वर्षांच्या मुलाची कथा त्यात प्रसिद्ध आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने शस्त्रांच्या जखमांनी घसा सुजलेल्या रुग्णांचे प्रसंग अधिक मोलाचे. जखम एकीकडे, वाट दुसरीकडे, ही रीत आघाताच्या रुग्णावर आता प्रत्यक्ष वापरली गेली.

या क्रियेचे ‘ट्रॅकिओटमी’ हे नाव लोरेंझ हाइस्टर याच्या १७१८ मधील ग्रंथाने रूढ झाले. पुढे ‘ट्रॅकिओस्टमी’ हा शब्द आला. पहिल्याचा अर्थ श्वासनालाचा छेद; दुसऱ्यातील उत्तरपदाचा अर्थ मुख. छेद ही क्रिया आहे, मुख ही टिकणारी अवस्था. श्वासनालाला नवे मुख देणे या कल्पनेत जखमेचा भाव उरत नाही. तेथे केवळ वाटेचा भाव राहतो. दोन शब्दांमधील हे अंतर चिकित्सेच्या विचारातील अंतराशी जुळणारे आहे.

एकोणिसाव्या शतकात घटसर्पाने या क्रियेला मोठे क्षेत्र दिले. पॅरिसच्या ट्रूसो याने दोनशेंहून अधिक रुग्णांवर ती केल्याचे सांगितले. त्यांपैकी सुमारे चतुर्थांश वाचले. १८७८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकईवन याने मान न कापता तोंडावाटे श्वासनालात नळी घालून शस्त्रक्रियेसाठी गुंगी दिली. आता वाट राखण्याचे दोन मार्ग झाले : वरून नळी घालणे आणि खालून मुख करणे. कंठाघाताच्या रुग्णात यांपैकी कोणता निवडावा, हा पुढील शतकाचा प्रश्न ठरला.

६. महाराष्ट्र आणि हैदराबाद

महाराष्ट्रातील शल्यकर्माच्या इतिहासात पुण्याचा १७९३ मधील प्रसंग विख्यात आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक एका मराठी कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे केले, आणि त्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापला गेला. मुखाच्या आघातावरील हे कौशल्य घराण्यांतून चालत आले होते, आणि त्याची वाट नाकापाशीच थांबत होती, ही गोष्ट सुश्रुतसंहितेतील स्थितीशी जुळते.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झाले, आणि १८६१ पासून तेथे मराठी व गुजराती माध्यमांतून वैद्यक शिकविणारे वर्ग काही काळ चालले. युरोपीय शारीर मराठीत सांगण्याची गरज त्यामुळे उभी राहिली. आजच्या मराठीत स्वरयंत्र, श्वासनाल, श्वसनी, अन्ननलिका हे शब्द स्थिर झालेले आहेत. परिभाषेची अनिश्चितता किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण म्हणून ‘क्लोम’ या प्राचीन शब्दाकडे पाहता येईल. बंगालीत श्वासनालाच्या शाखांना ‘क्लोमशाखा’ म्हणतात, तर हिंदीत ‘क्लोम’ हा शब्द स्वादुपिंडासाठीही वापरला गेला. श्वासाच्या इंद्रियाचे नाव पचनाच्या इंद्रियाला मिळावे, यावरून प्राचीन शब्दांना आधुनिक अर्थ देताना किती सावधगिरी हवी हे कळून येते.

पुसदच्या दृष्टीने अधिक निकटचा प्रसंग हैदराबादचा आहे. क्लोरोफॉर्मची गुंगी देताना रुग्ण का दगावतात, हा त्या काळचा जागतिक वाद होता. निजामाच्या सेवेतील एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने १८८८ मध्ये एक व १८८९ मध्ये दुसरे मंडळ नेमले गेले. दुसऱ्याचा खर्च निजाम सरकारने सोसला, आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हा तज्ज्ञ त्यासाठी आला. पैनगंगेच्या उत्तरेकडील वऱ्हाड त्या वेळी इंग्रजांच्या कारभारात असले तरी नावाने निजामाचेच होते. नाडीकडे पाहू नये, श्वासाकडे लक्ष द्यावे. प्रथम श्वास थांबतो, मग हृदय, हे लॉरीचे आग्रही मत होते, आणि मंडळाने त्याची पुष्टी केली. हा निष्कर्ष संपूर्णतः खरा नव्हता. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते, हे ए. जी. लेव्ही याने १९११ मध्ये प्रयोगाने दाखविले. तथापि, बेशुद्ध माणसाच्या श्वासाची वाट ही सर्वप्रथम पाहण्याची गोष्ट आहे हा जो अर्धा भाग हैदराबादेत ठासून सांगितला गेला, तो टिकला. एखादा सिद्धान्त चुकीच्या कारणासाठी मांडला जाऊनही त्यातून योग्य सवय लागू शकते, याचे हे उदाहरण होय.

७. विसाव्या शतकातील नियम

पहिल्या महायुद्धात चेहऱ्याच्या व जबड्याच्या जखमा अपूर्व संख्येने झाल्या. इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरल्ड गिलीज याने त्यांची पुनर्रचना केली, आणि आयव्हन मॅगिल व स्टॅन्ली रोबॉथम यांनी अशा रुग्णांसाठी श्वासनालात रबरी नळी घालण्याचे तंत्र १९१९ नंतरच्या वर्षांत सिद्ध केले. अमेरिकेत शेव्हॅलिये जॅक्सन याने १९०९ मध्ये श्वासनालाच्या छेदाची शिस्त घालून दिली. १९२१ मध्ये त्याने उंचावरील छेदाचा, म्हणजे स्वरयंत्रालगतच्या छेदाचा, कडक निषेध केला. कारण त्याने पुढे वाट आकसते असे त्याला आढळले. हा निषेध अर्धशतक मानला गेला. १९७६ मध्ये ब्रँटिगन व ग्रो यांनी ६५५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध करून तो छेदही योग्य रुग्णात निर्धोक असतो असे दाखविले. आज आणीबाणीत स्वरयंत्राच्या पुढील पातळ पडद्यातून घेतलेला छेद हा शेवटचा उपाय म्हणून शिकवितात. मात्र स्वरयंत्रच फुटलेले असेल तर तो टाळून खाली श्वासनालावर जावे, असा संकेत आहे.

मधल्या काळात, १९५२ मध्ये, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत ब्यर्न इब्सेन याने श्वासनालाला छेद देऊन, नळी घालून, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातांनी पिशवी दाबवून रुग्णांना दिवसेंदिवस श्वास पुरविला. आघाताशी या घटनेचा थेट संबंध नाही. पण श्वासाची वाट आपल्या हाती घेतल्यावर काय साधते, हे तिने जगापुढे ठेवले.

दुसरी घटना लहान गावातील रुग्णालयाशी निगडित आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे विमान अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात कोसळले. पत्नी मृत्यू पावली. मुले जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील उपचारांची अव्यवस्था पाहून त्याने सहकाऱ्यांसह लहान रुग्णालयांतील डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम १९७८ मध्ये सुरू केला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने तो स्वीकारला, आणि तो जगभर पसरला. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, हा त्याचा क्रम. युद्धभूमीच्या अनुभवावरून पुढे त्यात एक दुरुस्ती झाली : भळभळणारे रक्त असेल तर ते त्याच क्षणी दाबून धरावे. मानेच्या जखमेत ही दोन कामे एकाच वेळी, दोन माणसांच्या हातांनी करावी लागतात.

कंठाघाताच्या रुग्णासाठी आज मान्य असलेले नियम थोडक्यात असे आहेत. रुग्ण शुद्धीवर असून ज्या स्थितीत त्याला श्वास घेणे सोपे जाते, पुष्कळदा बसून पुढे वाकलेल्या, त्या स्थितीत त्याला राहू द्यावे. बळेच उताणे निजवू नये. मणक्याच्या इजेचा संशय असल्यास मान मात्र स्थिर धरावी. जखमेतून बुडबुडे येणे, त्वचेखाली वारा भरून ती दाबताच चरचरणे, खोकल्यातून रक्त पडणे, श्वासाला शीळ येणे आणि आवाज बदलणे, ही श्वासमार्गाच्या इजेची लक्षणे समजावीत. श्वासनालाचे तोंड जखमेतच दिसत असेल तर नळी त्यातूनच घालावी. स्वरयंत्र दुभंगले असेल तर वरून आंधळेपणाने नळी ढकलू नये, कारण अर्धवट तुटलेला मार्ग त्या धक्क्याने पुरता तुटू शकतो. अशा वेळी रुग्ण जागा असतानाच, केवळ कातडी बधिर करून, इजेच्या खाली श्वासनालाला मुख करावे. भारतातील वायुमार्गतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने कठीण श्वासमार्गाविषयीची मार्गदर्शक सूत्रे २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. प्रयत्नांची संख्या मर्यादित ठेवावी आणि वेळेवर मदत मागवावी, हा त्यांतील एक आग्रह आहे.

या नियमांची जुन्या ग्रंथांशी तुलना केली असता दोन गोष्टी दिसून येतात. सुश्रुताने सांगितलेली उताणी स्थिती आज धोक्याची मानली जाते. पण त्याने टिपलेली स्वरविकृती आजच्या लक्षणांच्या यादीतही कायम आहे. तसेच जखमेतून नळी घालणे हा आजचा उपाय म्हणजे अल्‌-झहरावीने शिवून टाकलेल्या वाटेचाच उपयोग करणे होय. उपचार बदलले, निरीक्षण टिकले.

८. अंतर आणि आवाज

पुसदपासून यवतमाळ आणि नांदेड ही वैद्यकीय महाविद्यालयांची दोन्ही ठिकाणे रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत. नांदेडचे महाविद्यालय १९८८ मध्ये, यवतमाळचे १९८९ मध्ये स्थापन झाले. यवतमाळच्या महाविद्यालयाला पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांचे नाव आहे. त्यापूर्वी सेवाग्राम (१९६९) किंवा नागपूर (१९४७) गाठावे लागे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली, आणि अंतराचा काही भाग कमी झाला. परंतु कंठाघाताच्या बाबतीत अंतर मोजावयाचे ते मिनिटांत. वाढत्या सुजेचा तो फसवा अवधी शंभर किलोमीटरच्या रस्त्यात संपू शकतो.

म्हणून अशा गावी प्रश्न पडतो तो असा : रुग्णाला आधी पाठवावे, की आधी वाट पक्की करून मग पाठवावे? इतिहासाचे उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे. स्टायनरने अभ्यासक्रम रचला तो मोठ्या शहरांतील निष्णातांसाठी रचला नव्हता. पहिल्या तासात जो डॉक्टर जवळ असेल त्याच्यासाठी रचला होता. उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टराला श्वासनालाला मुख करता येणे, आणि ते कधी करावयाचे याची त्याला खात्री असणे, यावर पुढचा सारा प्रवास अवलंबून राहतो.

त्याही आधी एक पायरी आहे, आणि ती डॉक्टरच्या हाती नाही. अपघात शेतात, रस्त्यावर किंवा तांड्यावर होतो. तेथे पहिला माणूस पोहोचतो तो शेजारी, सोबती किंवा वाटसरू. जखमीला त्याचे नाव विचारणे ही श्वासमार्गाची सर्वांत साधी परीक्षा होय. जो स्पष्ट शब्दांत उत्तर देतो त्याची वाट त्या क्षणी तरी मोकळी आहे. ज्याचा आवाज घोगरा झाला, फुसफुसला किंवा उमटलाच नाही, त्याची वाट धोक्यात आहे. ही परीक्षा क्षणापुरतीच खरी असल्याने ती पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि आवाज बदलला आहे की नाही हे ठरविण्यास मूळ आवाज ठाऊक असावा लागतो. अनोळखी डॉक्टराला तो ठाऊक नसतो. घरच्या माणसाला असतो. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरील मुलाचा आवाज नेहमीचा नाही, हे त्याच्या आईइतके अचूक कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा तिची साक्ष तिच्या बोलीत विचारली जाणे आणि रुग्णाच्या कागदावर नोंदली जाणे हा उपचाराचाच भाग होय.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. कंठाच्या जखमेतून वारा जात असतानाही रुग्ण वाचू शकतो, हे भारतीय आणि अरबी शल्यपरंपरांनी स्वतंत्रपणे ओळखले. पण दोन्हींनी जखम शिवण्यावर भर दिला. अडथळ्याच्या खाली वाट करावी हे तत्त्व ग्रीक वैद्यकात मांडले गेले, आणि ते आघाताच्या रुग्णापर्यंत येण्यास सतरावे शतक उजाडले. वाटेचा विचार सर्वांत आधी करावा हा क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका ग्रामीण रुग्णालयातील दुःखद अनुभवातून, नियम म्हणून प्रस्थापित झाला.

साधने प्रत्येक काळी बदलत गेली. बोरू, रूपे, रबर, प्लास्टिक असा नळीचा प्रवास झाला. स्वरातील बदल हे लक्षण मात्र सुश्रुताच्या मर्मवर्णनापासून आजच्या सूत्रांपर्यंत अखंड चालत आले आहे. जखम पाहावी लागते आणि श्वास ऐकावा लागतो. मराठीने कंठ हा शब्द आवाजासाठी राखून ठेवला, तो या दृष्टीने सार्थ आहे. नायलॉनच्या दोऱ्याने गळा कापलेला दुचाकीस्वार पुसदच्या रुग्णालयात आणला जातो, तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या जखमेच्या लांबीचा नसावा. त्याला बोलता येते काय, आणि मघाशी येत होते काय, हा असावा. त्याचे उत्तर त्याला घेऊन आलेल्या माणसापाशी असते.